यकृताची चिठ्ठी

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, उसाच्या रसाच्या उकळत्या काहिलीसमोर हातात झारा घेऊन उभी असताना, मी दारू प्यायले असं माझ्या दंडानं माझ्या मुलीला कळवलं.

मी प्यायले नव्हते. बारा वर्षं चार महिने मी दारूला शिवलेले नव्हते. पण दंडावर चिकटवलेल्या, रुपयाएवढ्या त्या चकतीचं मत वेगळं पडलं. चकतीचं नाव साक्षी. तिची कड हिरव्याची तांबडी झाली आणि तिकडे कोल्हापुरात ईश्वरीच्या फोनवर घंटी वाजली. पाच मिनिटांत तिचा फोन आला.

"आई, घेतलीस?"

"नाही गं."

"खरं सांग."

"काहिलीजवळ हाय मी. आदण उतरायला आलंय. आत्ता कुठनं घेऊ?"

ती गप्प झाली. तिचं हे गप्प बसणं मला जुनं आहे. ती नऊ वर्षांची असताना मी तिला शाळेतून स्कूटरवर आणत होते. कारखान्याच्या वळणावर गाडी घसरली आणि तिच्या हनुवटीला पाच टाके पडले. रस्त्यावर तेल सांडलं होतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. तेल नव्हतं. ईश्वरीला ते तेव्हाच माहीत होतं, आणि तेव्हाही ती अशीच गप्प बसली होती.

"या शनिवारी रेवाला पाठवत नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

रेवा माझी नात, चार वर्षांची. दर शनिवारी गुऱ्हाळावर यायची, काकवीत कोपरापर्यंत हात बुडवायची, चिपाडाच्या ढिगावर झोपायची आणि रविवारी संध्याकाळी जाताना गाव गोळा होईल इतकं रडायची. माझ्याकडे जपण्यासारखं एवढंच होतं. साक्षी मी आदल्याच दिवशी दंडावर लावून घेतली तीही याच अटीवर: कड हिरवी राहिली तर रेवा येईल.

त्या महिन्यात कड अकरा वेळा तांबडी झाली.

मी वैजयंता खोत. वय अठ्ठावन्न, धंदा गुळव्याचा. गुळव्या म्हणजे काहिलीतला रस कधी गूळ झाला ते सांगणारा माणूस. बाई गुळव्या म्हटल्यावर अजून लोक वळून बघतात. बघू देत. भोगावतीच्या काठाला पूर्वी दर फर्लांगाला एक गुऱ्हाळ होतं, आता माणसाच्या हातानं चालणारी तीन उरलीत. बाकी सगळीकडे यंत्रं आली. ती तापमान मोजतात, बरोबर एकशे अठराला काहील उतरवतात, आणि रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, असे एकसारखे पाडतात की कुठलाही उचला, चवीत फरक नाही. तसला गूळ ज्यांना चालतो त्यांनी तो खावा. माझ्याकडे येणारी गिऱ्हाइकं वेगळी.

त्याआधी मी केमिस्ट होते. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, प्रयोगशाळेत. साखर आणि दारू ही एकाच उसाची दोन लेकरं; मी त्यातल्या दुसऱ्याला सांभाळायला बसले आणि त्यानंच मला सांभाळायला घेतलं. नोकरी गेली, नवरा गेला, म्हणजे निघून गेला. मग बापाच्या गुऱ्हाळावर आले आणि सुटले. कशी सुटले, असं कोणी विचारलं की मी ताठ मानेनं सांगायचे, "मनाचा निश्चय."

हे थोडं खोटं होतं. पण त्यावर पुढे येते.

साक्षीचं शास्त्र सांगते, कारण ते मला कळतं आणि कंपनीच्या माणसांपेक्षा बरं सांगता येतं. दारू पोटात गेली की यकृत हातातली सगळी कामं टाकून तिच्यामागे लागतं. रक्तात साखर सोडायचं त्याचं रोजचं काम मागे पडतं. साखर उतरली की जीव गोडासाठी कासावीस होतो. शिवाय मेंदूत सुखाचा जो एक कोपरा आहे, तो दारूनं उजळतो तसाच साखरेनंही उजळतो. म्हणून दारू सोडलेला माणूस मिठाईच्या दुकानासमोर रेंगाळतो. तालुक्याच्या गावात आमच्या व्यसनमुक्तीच्या बैठका व्हायच्या. तिथे चहात प्रत्येकजण चार-चार चमचे साखर घालायचा आणि क्रीमच्या बिस्किटांवर तुटून पडायचा. का, ते कोणी कधी विचारलं नाही.

आता गंमत पुढे आहे. यकृत नुसतं काम करत नाही, ते मेंदूला चिठ्ठीही पाठवतं. ही चिठ्ठी म्हणजे एक संप्रेरक. त्याचं नाव मोठं आहे, आम्ही त्याला त्याच्या नंबरावरून 'एकवीस' म्हणतो. चिठ्ठीत एकच शब्द असतो: पुरे. जास्त दारू झाली की एकवीस रक्तात कितीतरी पट चढतं. जुनी यंत्रं श्वासात आणि घामात दारू शोधायची. ती काही तासांत उतरते, आणि बेवड्याच्या युक्त्या यंत्रापेक्षा चार पावलं पुढे असतात. एकवीस मात्र लपवता येत नाही. केसाएवढ्या सुईनं साक्षी ते मोजते आणि आपण नेमून दिलेल्या साक्षीदाराला कळवते. माझी साक्षीदार ईश्वरी.

यंत्र चोख होतं. खोट एवढीच, की साखर जास्त झाली तरी यकृत हीच चिठ्ठी लिहितं. कंपनीला हे ठाऊक होतं, म्हणून सुरुवातीला आहाराचा अर्ज भरून घ्यायचे. माणूस किती गोड खातो ते धरून चकती आपला काटा लावायची.

अकराव्या तांबड्यानंतर मी कंपनीला फोन लावला आणि तोंडाचा पट्टा सोडला. तिकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, अर्जात तुम्ही गूळ, साखर, मिठाई, सगळीकडे 'नाही' लिहिलंय. बरोबर आहे ना?"

"बरोबरच हाय. मी गोड खातच नाही."

चुलाणात चिपाडं सारत सर्जामामा बसले होते. माझ्या बापाच्या वेळेपासून आमच्या गुऱ्हाळाचा जाळ तेच सांभाळतात, आता सत्तरीला टेकलेत. त्यांनी मान वर केली.

"गूळ खात न्हाईस व्हय? मग गालात काय हाय तुझ्या?"

मी जीभ फिरवली. गालात सुपारीएवढा गुळाचा खडा होता.

आता तुम्ही म्हणाल, बाई वेडी आहे. वेडी नाही, गुळव्या आहे. गुऱ्हाळावर चाखणं हे खाणं धरत नाहीत. माझा बाप म्हणायचा, "चाखलेलं पोटात जात न्हाई." सोवळ्यातली माणसं, मंगळवारचा उपास करणारी माणसं, सगळी गुऱ्हाळावर बेलाशक चाखतात आणि घरी जाऊन सांगतात, काही खाल्लं नाही. ते खोटं बोलत नाहीत. तशीच मीही त्या अर्जावर 'नाही' लिहून मोकळी झाले, हात जरासुद्धा अडखळला नाही. मी, रसायनशास्त्राची पदवीधर!

दुसऱ्या दिवशी मी प्रयोग केला. जितक्या वेळा चाखलं तितक्या वेळा तेवढाच गूळ ताटलीत बाजूला काढला. एका आदणाला, म्हणजे काहिलीभर रसाला, बारा-पंधरा वेळा चाखणं होतं, दिवसाला चार आदणं. वर गालातले खडे. संध्याकाळी ताटली काट्यावर ठेवली. दीडशे ग्रॅम. सर्जामामा ताटलीकडे बघत म्हणाले, "एवढं तर म्हशीला बी घालत न्हाईत गं."

मला हायसं वाटलं, आणि मागोमाग लाज वाटली. चाखण्याला धंद्याची सबब होती, खड्याला नव्हती. तो खडा मी बारा वर्षं गालात धरत आले. संध्याकाळी सातला, ज्या वेळी पूर्वी पहिला ग्लास भरायचा, त्या वेळी हात आपोआप गुळाकडे जातो. हेच ते 'मनाचा निश्चय' मधलं खोटं. मी दारू सोडली नव्हती. तिच्या जागेवर गूळ नेऊन बसवला होता.

मी कंपनीला सगळं लिहून कळवलं. ताटलीचा फोटोही जोडला. उत्तर आलं, की पूर्वी व्यसन असलेल्या व्यक्तीचा अर्ज तांबड्या नोंदीनंतर बदलता येत नाही. अशा व्यक्ती बरेचदा गोडाची सबब पुढे करतात. खाली लिहिलं होतं, साक्षीची पुढची आवृत्ती वापरून पाहावी.

ती आवृत्ती ईश्वरीच घेऊन आली. रविवार होता. रेवाला तिनं ओंकारजवळ, म्हणजे आमच्या जावयाजवळ ठेवलं होतं. मी तिला ताटलीची गोष्ट सांगितली. खड्याचीही सांगितली. बारा वर्षांत पहिल्यांदाच हे कोणाला तरी मोठ्यानं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे यंत्र चुकलं नव्हतंच. व्यसन आहेच तुला."

"हाय. गुळाचं हाय. गूळ खाऊन मी कुणाला स्कूटरवरनं पाडलं न्हाई."

तिचा हात हनुवटीकडे गेला. मला जीभ चावावीशी वाटली, पण शब्द गेला होता.

"मला सगळं पटतंय आई," ती हळू म्हणाली. "पण तू तेव्हा तेल म्हणाली होतीस. तेसुद्धा मला पटलं असतं, मी मागे बसलेली नसते तर. आता मी तुझ्यावर नाही, दुसऱ्या कशावर तरी विश्वास ठेवणार. ही चकती लाव. शनिवारी रेवाला आणते."

मी दंड पुढे केला.

ही नवी चकती नुसती मोजत नाही, स्वतःच एकवीस सोडते. यकृतानं लिहिण्याआधीच मेंदूला आयती चिठ्ठी मिळते: पुरे. दारू नको, गोड नको. पहिल्या संध्याकाळी सात वाजले, आठ वाजले, माझा हात जागचा हलला नाही. बारा वर्षं रोज संध्याकाळी जी झटापट चालायची ती बंदच झाली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी नऊला झोपले आणि सकाळपर्यंत कूस बदलली नाही.

दोन दिवस काहील बंदच होती, मग चौथा दिवस उजाडला. बुधवारचं पहिलंच आदण, लांबच्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेल्या उसाचं. भेंडीचं पाणी घालून मळी काढली, रस आटला, बुडबुडे जाड झाले. पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी वळायला लागली. इथून पुढे दीड-दोन मिनिटांचा खेळ असतो. डोळा, कान, सगळे आपापलं सांगतात, पण शेवटचा शब्द जिभेचा. माझ्या बापानं मला एकच नियम शिकवला होता: जीभ दुसऱ्यांदा मागते तेव्हा उतरव. कच्चा पाक जिभेला एकदा पुरतो. पुढे गेलेला पाक तिला नको होतो. नेमका झालेला पाक चाखला, की जीभ म्हणते, अजून एकदा. त्या क्षणी काहील उतरवायची.

मी चाखलं. गोड होतं. गोड आहे एवढं कळलं, आणि तिथेच थांबलं. पुन्हा चाखलं. गोड होतं. जीभ काही मागेना. मी वाट बघत उभी राहिले.

"पोरी, रंग बघ की! उतरीव!"

"थांबा मामा, अजून झालं न्हाई."

"झालं न्हाई काय? वास बघ! उतरीव म्हणतो मी!"

मी थांबले. जीभ मागेल म्हणून थांबले. काहिलीतून काळपट धूर आला तेव्हा सर्जामामांनी मला कोपरानं बाजूला ढकललं आणि गड्यांना हाक मारून काहील स्वतः ओढायला लावली. गूळ गार करायच्या वाफ्यात पडला तो गूळ नव्हता, डांबर होतं. बापाच्या मागे बारा हंगाम झाले, माझ्या हातून एक आदण असं गेलं नव्हतं.

त्या डांबराकडे बघत उभी असताना मला संताप आला. कंपनीचा आला, ईश्वरीचा आला, सगळ्यात जास्त माझाच आला. ज्या ओढीनं माझं वाटोळं केलं, तिलाच मी बारा वर्षं राबवून घेत होते. तिच्याच जिवावर माझा गूळ चांगला होता. माझी ओढ मी लाडानं नाही, लढून माणसाळवली होती. आणि कुणीतरी दंडातून सुई घालून तिला झोपवून टाकलं, नि मी शहाण्यासारखी दंड पुढे केला! मी चकतीखाली नख घातलं आणि ती ओरबाडून काढली. थोडं रक्त आलं.

काढल्याची बातमी फोनवर गेलीच. शनिवारी सकाळी सातला ईश्वरीची गाडी आली. रेवा गाडीत नव्हती.

"तुला रेवापेक्षा गूळ मोठा?" ती उतरता उतरताच म्हणाली.

"न्हाई. पण रेवाला आज्जी पायजे असली तर ही अशी पायजे. ओढ असलेली आणि तरी न पिणारी. झोपवून ठेवलेली आज्जी मी तिला देणार न्हाई."

"आणि मी काय करू? रोज जीव मुठीत धरून बसू?"

मी घरातून पहिली साक्षी आणली, नुसती मोजणारी. नवी सुई बसवलेली.

"तू आयुष्यात थेंब घेतलेला नाहीस. ही लाव. अर्जात खरं ते लिही, काय खातेस ते. आणि आजचा दिवस माझ्याशेजारी उभी राहा. मी चाखीन तेवढं तू चाख. बास, एवढंच. संध्याकाळी जे म्हणशील ते ऐकेन."

तिनं माझ्याकडे बघितलं. पैज म्हटली की खोतांच्या पोरीला मागे हटता येत नाही, हे मला माहीत होतं. तिनं बाही वर सारली. साक्षीदार म्हणून कोणाचं तरी नाव घालावंच लागतं, तिनं ओंकारचं घातलं.

तो दिवस मी विसरणार नाही. पहिल्या आदणाला ती तोंड वाकडं करून चाखत होती. दुसऱ्याला तिनं स्वतःच काठीवर पाक घेऊन पाण्यात बुडवला. कच्चा पाक, पुढचा पाक, मी तिला एकेक सांगत गेले. लहानपणी हे शिकवायचं होतं, तेव्हा मी शुद्धीवर नव्हते. तिसऱ्या आदणाला चाखता चाखता ती एकदम म्हणाली, "आई, आता. आता अजून पाहिजे वाटायलंय."

मी झटकन चाखलं. माझीही जीभ मागत होती.

"उतरवा!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो. सर्जामामा हसले तेव्हा त्यांचा उरलेला एकुलता दात दिसला.

काहील वाफ्यात ओतत होतो तेवढ्यात ईश्वरीच्या दंडावरची कड तांबडी झाली. दुपारचे दोन वाजले होते. तिनं एकदा दंडाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. फोन वाजला. हात गुळानं चिकट झाले होते म्हणून तिनं तो कोपरानं चालू केला, त्यामुळे ओंकारचा आवाज सगळ्या गुऱ्हाळाला ऐकू आला.

"ईशू, ठीक आहेस ना? हे काय आलंय मला?"

"काही नाही रे. मी चकती लावून बघितली. गूळ चाखलाय नुसता."

"गूळ?" ओंकार म्हणाला. "ईशू, आईंनी काही दिलं का तुला? प्यायला?"

"ओंकार! मी घेतलेली नाही."

पलीकडे शांतता. मोजून चार सेकंदांची असेल. पण ती कशी असते ते मला माहीत आहे. त्यात आपलं सगळं जुनं खरं-खोटं उलटं-पालटं करून बघितलं जातं. आता ते ईश्वरीलाही कळलं.

"बरं," ओंकार सांभाळून बोलला. "तू गाडी चालवू नकोस. मी येतो न्यायला. रेवाला तोवर माझ्या आईकडे ठेवतो. तिच्यासमोर नको. आधी आपण दोघं बोलू."

फोन बंद झाला. ईश्वरी तशीच उभी राहिली. चिकट हात अंगापासून लांब धरलेले, डोळ्यांत पाणी. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिचे हात धुवावेत, एवढंच वाटलं. मी तांब्या आणला.

"तुला अकरा वेळा असं वाटलं?" तिनं विचारलं.

"अकरा वेळा तू विचारलंस म्हणून. त्याच्या आधी बारा वर्षं गावानं न विचारता."

"स्कूटरचं?"

"तेल नव्हतं," मी म्हणाले. "मी प्यायले होते. पाच टाके माझ्यामुळं पडले तुला."

एकवीस वर्षांनी ते वाक्य बाहेर पडलं. ती रडली. मीही रडले. सर्जामामा उगाचच चुलाणात चिपाडं कोंबत राहिले.

मग तिनं नाक पुसलं, फोन उचलला आणि ओंकारला लावला. आवाज माझ्या बापाचा होता, काहील उतरवा म्हणतानाचा.

"ओंकार, ये न्यायला. पण रेवाला घेऊन ये. ती आठ दिवस इथं राहणार आहे. नाही, बोलायचं काही नाही. तू ये, चाख, मग बोलू."

फोन ठेवून तिनं दंडावरची चकती ओढून काढली आणि चुलाणाच्या तोंडाकडे हात उगारला.

"ए, चुलाणात न्हाई!" मी ओरडले. "गुळाला वास लागंल."

"मग कुठं टाकू?"

"टाकू नको. नवी सुई बसवून ठेव. ओंकार यायलाय की."